फायर पिस्टन: नळी चोख, सोबतचा माल टाकाऊ

फायर पिस्टन म्हणजे नळीतली हवा झटक्यात दाबून, तापवून निखारा पेटवायचं साधन. पेटीत काय येतं ते आधी सांगतो. एका टोकाला बंद असलेली पितळी नळी, तिच्यात बसणारा पितळी पिस्टन, दोघांनाही तळहातात बसेल अशी खरखरीत मूठ. शिवाय चार जादा ओ-रिंगा (पिस्टनवर बसणारी रबराची गोल कडी), ग्रीसची चिमुकली डबी, निखारा धरायला भाजून काळ्या केलेल्या चिंध्यांची एक डबी आणि घडी घातलेला सूचनांचा कागद. नळी आणि पिस्टन मनापासून आवडले. चिंध्या फेकून दिल्या. सूचनांचा कागद त्याहूनही वाईट, कारण त्यात ‘सर्व शक्तीनिशी दाबा’ असं लिहिलंय. नवख्या माणसाच्या हातून ही वस्तू पेटू नये अशी कुणाची इच्छा असेल, तर त्याने त्याला एवढं एकच वाक्य सांगावं.

कंपनीचं नाव लिहीत नाही. या घाटाची वस्तू निरनिराळ्या शिक्क्यांनी विकली जाते आणि मी जे सांगणार आहे ते बहुतेक सगळ्यांना लागू पडेल.

माझं आयुष्य हायड्रॉलिक सिलिंडरची सीलं बदलण्यात गेलंय. त्यामुळे आग लावायच्या आधी बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर काढला. बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, ८ मिलिमीटर. सील, म्हणजे हवा अडवणारी ओ-रिंग, तोंडाशी पकडल्यापासून तळापर्यंत पिस्टनचा ८० मिलिमीटरचा स्ट्रोक. म्हणजे आत साधारण ४ मिलिलिटर हवा कोंडली जाते. पिस्टन तळाला टेकला तरी त्याच्या टोकातला चिंधी ठेवायचा खळगा, सीलच्या पुढची बारीक कड आणि तळाशी राहणारी फट मिळून सुमारे ०.१७ मिलिलिटर जागा उरते. हवा दाबली जाण्याचं प्रमाण निघालं २५ ला १ च्या आसपास. डिझेल इंजिनात हेच प्रमाण १४ ते २२ च्या घरात असतं. तिथे स्पार्क प्लग नसतो, दाबून तापलेल्या हवेत इंधन सोडलं की ते आपोआप पेटतं. इथेही तेच, फक्त डिझेलऐवजी चिंधी आणि क्रँकऐवजी तुमचा तळहात.

सायकलचा पंप जोरात मारला की त्याचं बूड तापतं, तो हाच प्रकार. फरक इतकाच की पंपाची हवा निसटून ट्यूबमध्ये जाते, आणि इथे तिला जायला जागाच नाही. हवा इतक्या झटकन दाबली की उष्णता नळीच्या भिंतीत झिरपायला वेळच मिळाला नाही, तर २७ अंशांची हवा २५ पट दाबल्यावर कागदावरच्या हिशेबाने ८०० अंश सेल्सियसच्या थोडी वर जाते. प्रत्यक्षात इतकी जात नाही. थोडी उष्णता भिंत खाते, थोडी हवा सीलमधून निसटते. पण कोळसा झालेल्या सुती कापडाला त्याच्या निम्म्यानेही भागतं, म्हणून चांगल्या नळीत बरीच गळती-झिरपती सोसूनही आग लागते.

आता त्या ‘सर्व शक्तीनिशी’बद्दल. एवढी हवा एवढी दाबायला लागणारं काम मोजलं तर तीन ज्यूलसुद्धा भरत नाही. एक किलोचं वजन वीतभराहून थोड्या जास्त उंचीवरून पडलं की तेवढी ऊर्जा मिळते. घर्षणापायी दुप्पट धरा, तरी लहान मूल ती देऊ शकेल. अडचण ऊर्जेची नाही, ती कधी लागते याची आहे. पिस्टनच्या प्रवासाचा पहिला अर्धा भाग जवळजवळ फुकट असतो. शेवटच्या काही मिलिमीटरांत दाब चढत वातावरणाच्या नव्वदपटीपर्यंत जाऊ शकतो, आणि ८ मिलिमीटरच्या बोअरवर तो हाताला ४५ किलोसारखा लागतो. ज्याने शक्ती लावून रेटायला सुरुवात केली त्याचा हात नेमका इथे अडतो, मंदावतो, आणि मंदावला की उष्णता पळाली. ज्याने हात आधीच वेगात आणलाय त्याचा हात स्वतःच्या वजनाने या शेवटच्या भिंतीतून पार होतो. गंमत म्हणजे तोच पिस्टन अगदी सावकाश दाबला तर १२-१३ किलोत तळाला जातो. नळी जेमतेम कोमट होते. हवा तितकीच दाबली गेली, आग मात्र नाही.

माझ्याकडे भाची काही दिवस राहायला होती. तिला आणि आमच्या वर्कशॉपमधल्या हेल्परला, दोघांनाही मी हे हातात दिलं. हेल्पर भरलेलं ऑइलचं पिंप एकट्याने तिरकं करून गडगडत नेतो. त्याने पिस्टन असा रेटला की टेबल सरकलं. धूरही नाही. भाची म्हणाली, ‘‘मामा, कॅरमला स्ट्रायकर मारतात तसं मारायचं का?’’ मी म्हटलं, कॅरमपेक्षा थोडं जोरात. तिची चिंधी पेटली आणि हेल्पर उरलेली दुपार गप्प होता.

तर शिकायचं कसं? माझ्या मते चिंधी बाजूला ठेवून. आधी नळी कोरडी, रिकामी घ्या आणि ओ-रिंगवर ग्रीसचा बोटाला जेमतेम जाणवेल एवढा थर द्या. पिस्टन तोंडात बसवून हळू दाबा, खाली दोन-तीन सेकंद धरा आणि हात हलका करा. तो उसळून जवळजवळ मूळ जागी आला पाहिजे. निम्म्यावर थांबला तर हवा गळतेय, आणि गळकी नळी घेऊन सराव करणं म्हणजे मनगटाचं नुकसान. माझी नळी इथे चोख निघाली. आतलं फिनिश होनिंग केल्यासारखं, म्हणजे बारीक घासून गुळगुळीत केल्यासारखं आहे, नखाला रेघ लागत नाही. दोन ओ-रिंगा आहेत. हवा मुख्यतः पुढची अडवते, मागची पिस्टन सरळ राखते, आणि पुढची झिजली की तिची पाठराखणही करते.

एक दोष मात्र आहे. नळीच्या तोंडाची आतली कड धारदार सोडलीय. लेथवर चॅम्फर मारायला, म्हणजे कड तिरकी छाटायला, दहा सेकंद लागतात, तेवढेही कुणी दिले नाहीत. अशा कडेवरून ओ-रिंग रोज आत-बाहेर करा, काही दिवसांत तिच्यावर बारीक काप दिसायला लागतात. मी ४०० नंबरचा पॉलिश पेपर पेन्सिलीवर गुंडाळून कड गोल केली, आतला सगळा चुरा कापसाने पुसून काढला, आणि तेव्हापासून तीच रिंग चाललीय. पॉलिश पेपर नळीच्या आत खोल जाऊ देऊ नका. बोअरवर उभी रेघ पडली की हवेला तिथून कायमचा रस्ता मिळतो.

सील तपासून झालं की मारण्याचा सराव. नळी टेबलावर नको, ती घसरते. लाकडाच्या ठोकळ्यावर किंवा जमिनीवर पायाशी उभी धरा, एका हाताच्या मुठीत घट्ट. दुसरा हात पिस्टनच्या मुठीवर, तळव्याचा मनगटाकडचा जाड भाग नेमका मधोमध. खांदा वर आणि कोपर सरळ रेषेत. मग एकच झटका, तळापर्यंत. पिस्टन तिरका गेला तर नुसती शक्ती वाया जात नाही, रिंग एका बाजूने चावली जाते. चेहरा नळीच्या बरोबर वर धरू नका, कारण हात निसटला तर पिस्टन उसळून येतो.

आणि लगेच बाहेर. हा भाग सूचनांच्या कागदावर एका ओळीत उरकलाय, खरं तर अर्धं कौशल्य इथे आहे. चिंधी पेटली की आतल्या चार मिलिलिटर हवेतला ऑक्सिजन क्षणात संपायला लागतो. पिस्टन आत राहिला तर निखारा तिथेच गुदमरतो, आणि तुम्हाला वाटतं पेटलंच नाही. म्हणून ‘मारणे’ आणि ‘ओढणे’ या दोन क्रिया समजूच नका. खाली गेलेला हात परत येताना पिस्टन घेऊनच येतो, अशी एकच चाल बसवा. दाबलेली हवा स्वतःच त्याला बऱ्यापैकी वर ढकलते, तिच्यासोबत जायचं.

पहिल्या झटक्यात नाही पेटलं तर पुढचा मारण्याआधी नळीतली हवा बदला. आत धूर आणि अर्धवट जळलेला वायू साठलेला असतो, त्याच हवेत पुन्हा मारून काही होत नाही. बरेच जण नळीत फुंकर मारतात. फुंकरीतला दमटपणा गार पितळेवर बसतो, मग चिंधी ओलसर होते, मग आणखी फुंकर. त्यापेक्षा काडीला कापूस गुंडाळून नळी पुसा आणि हवेत दोनदा झटका.

खळग्यात चिंधी किती भरायची? खळगा भरेल, कडेच्या किंचित वर येईल, आणि तरी तंतूंमध्ये हवा राहील इतकी. ठासून भरली की वरचा पापुद्रा तेवढा तापतो. अगदी सैल ठेवली तर पिस्टन ओढताना नळीतच पडते. ग्रीस चिंधीला लागलं तर ती चिंधी गेली असं समजा. म्हणूनच ग्रीसचा थर पातळ, आणि तोही रिंगवर, टोकावर नव्हे.

आता सोबतच्या चिंध्या. डबी उघडली तेव्हाच शंका आली. रंग काळ्यापेक्षा तपकिरी, कडांना बारीक चकचकीत मणी. कापडात पॉलिस्टर मिसळलेलं असलं की ते वितळून असे मणी धरतं. शुद्ध सुताचा एक धागा जाळून बघा, राख मऊ आणि करडी येते, बोटाने उडते. मिश्र धाग्याच्या टोकाला कडक गोळी राहते. खात्री करायला मी चांगल्या सीलवर त्यांच्या चिंध्या वापरून पाहिल्या. धूर आला, वास आला, निखारा काही धरला नाही.

स्वतः बनवणं सोपं आहे. जुनी, पुष्कळ धुतलेली सुती बनियन सगळ्यात उत्तम, खळ निघून गेलेली असते. रुपयाएवढे तुकडे कापून घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डबीत सैलसर घाला, झाकणाला खिळ्याने एक भोक पाडा आणि डबी निखाऱ्यांवर ठेवा, उघड्यावर, घरात नको. भोकातून पांढरा धूर येईल, कधी त्या धुरालाच ज्योत लागेल. धूर थांबला की डबी उतरवून भोक बुजवा आणि पूर्ण गार होईपर्यंत हात लावू नका. गरम असताना झाकण उघडलंत तर हवा लागून सगळ्याची राख होते. नीट जमलेला तुकडा काळाकुट्ट, मऊ असतो आणि हळुवार ओढला तर थोडा तग धरतो. तपकिरी दिसला तर पुन्हा भाजा. बोट लावताच भुकटी झाली तर जास्त भाजलाय, तोही खळग्यात चालतो पण उचलताना त्रास देतो.

चिंधीऐवजी झाडावर वाढणारी कवकंही चालतात. बर्च आणि बीचच्या खोडांवर खुरासारखी वाढणारी एक जात आहे, तिच्या आतला मऊ थर सुकवून, कुटून युरोपात शतकानुशतकं आग धरायला वापरला गेला. आल्प्सच्या हिमनदीत १९९१ साली सापडलेल्या, पाच हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या माणसाच्या सामानातही ती होती. मी तयार कापलेले तुकडे मागवून पाहिले. निखारा चिंधीपेक्षा बराच जास्त वेळ टिकतो. पण ते मिळवायला खटपट आहे, आणि बनियन प्रत्येक कपाटात असते.

निखारा मिळाला म्हणजे आग मिळाली असं नाही. खळग्यातला निखारा तीन-चार मिलिमीटरचा. तो थेट सुक्या गवतात टाकलात तर दिसेनासा होतो. मधली पायरी ठेवा: पिस्टनचं टोक काळ्या चिंधीच्या मोठ्या तुकड्यावर टेकवून हलकेच फुंका, लाल कड पसरू लागली की तो तुकडा सुतळी उलगडून केलेल्या तंतूंच्या गुंत्यात ठेवा, गुंता सैल मिटा आणि खालच्या बाजूने लांब, सावकाश फुंकर घाला. धूर दाट आणि पिवळसर झाला की ज्योत जवळ आली, हात सांभाळा. खळग्यातून निखारा निघेना तर टोकाला टोचायला बारीक तार हवी. ती पेटीत नाही. द्यायला हवी होती.

पितळेबद्दल तक्रार ऐकू येते की धातू उष्णता खातो. खातो, पण हा खेळ इतक्या कमी वेळात संपतो की त्याने फारसं बिघडत नाही. थंडीत मात्र फरक पडतो. शून्य अंशाच्या हवेपासून सुरुवात केली तर त्याच हिशेबाने शेवटचं तापमान जवळजवळ शंभर अंशांनी कमी येतं, शिवाय ग्रीस घट्ट होतं. नळी थोडा वेळ खिशात ठेवली की काम भागतं. जाडजूड, रुंद बोअरच्या नळ्याही विकतात, दिसायला भारदस्त. १२ मिलिमीटरच्या बोअरला शेवटचा जोर सव्वादोनपट लागतो, म्हणजे शंभर किलोच्या पुढे. फार अरुंद नळीचा उलट त्रास, हवा थोडी आणि भिंत जास्त, उष्णता झिरपून जाते. ६ ते १० मिलिमीटरच्या मधली घ्या, वाद मिटला.

पारदर्शक अॅक्रिलिकची नळी मी नंतर घेतली, ती आग लावण्यासाठी नाही, बघण्यासाठी. साध्या कापसाचा तंतू टाकून अंधाऱ्या खोलीत मारली की आत निळसर-पिवळा लखलखाट दिसतो. मुलांना शिकवणाऱ्यांनी हीच घ्यावी. पण अॅक्रिलिकला वापराने बारीक तडे जातात, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवाच, आणि तडा दिसला की नळी कचऱ्यात. तीत पेट्रोल, स्पिरिट, सॅनिटायझर असलं काही एक थेंबही घालू नका. हे धातूच्या नळीलाही लागू.

लाकडाची मी वापरून पाहिली, दुसऱ्याची. दमट हवेत फुगून पिस्टन अडकतो, कोरड्या हवेत आकसून गळतो. तरी तिला कमी लेखणार नाही. बोर्निओ, जावा, सुमात्रा, फिलिपिन्स, ब्रह्मदेश या पट्ट्यात लोकांनी लाकूड, बांबू आणि शिंगाच्या अशाच नळ्या करून, पिस्टनला दोरा गुंडाळून, त्याला मेण-चरबी लावून रोजची आग पेटवली, आणि ताडाच्या जातीच्या झाडांची लव निखारा धरायला वापरली. लेथ नाही, होनिंग नाही, रबराची रिंग नाही. मी हे काम जाणतो म्हणून सांगतो, असं बोअर हाताने काढणं सोपं नाही. युरोपात १८०२ साली लिऑनमध्ये जोसेफ मोले यांनी दाबलेल्या हवेने आग लागते हे मांडलं, १८०७ मध्ये इंग्लंडमध्ये पेटंट झालं, आणि जॉन वॉकर यांनी १८२६ मध्ये घासून पेटणारी काडी शोधल्यावर खिशातल्या पिस्टनची गरज संपत गेली.

ती गरज आजही नाही. रोज चूल पेटवायला किंवा जंगलात एकमेव साधन म्हणून कुणी हे घेत असेल तर घेऊ नका. लायटर खिशात ठेवा. पावसात भिजलेली चिंधी या पितळाला पेटवता येत नाही. ज्याला दाब, सील आणि वेग यांचा संबंध हाताला कळून घ्यायचाय, त्याने मात्र जरूर घ्यावं. पाचपैकी चार तारे देतो. चॅम्फर मारला असता, तार दिली असती आणि चिंध्या दिल्या नसत्या तर पाच दिले असते.

जादा रिंगांबद्दल शेवटचं. पेटीतल्या चारपैकी दोन मापाने किंचित जाड निघाल्या, पिस्टन आत जाताना रिंग खाचेतून सोलली जात होती. दुकानातून आणणार असाल तर जुनी रिंग सोबत न्या आणि नायट्राइल रबराचीच मागा. ईपीडीएम नावाचं रबर व्हॅसलीनने फुगतं, सिलिकॉनचं घर्षणाने लवकर फाटतं. रिंग खाचेत बसल्यावर नळीत दहा-पंधरा टक्के चेपली गेली की पुरे. जास्त चेपली तर सील घट्ट होतं आणि हात मंदावतो.